गादीवालीने शिकवलेलं 'नाही'

धुकं इतकं दाट होतं की समोरच्या सलूनमध्ये दिवा लागलाय की नाही ते रस्ता ओलांडल्याशिवाय कळत नव्हतं. असल्या हवेत गादीवालीचं डोकं सकाळीच फिरायचं. कापसाला वैरी दोन, आग आणि ओल. आग निदान वाजतगाजत येते. ओल मात्र नको असलेल्या पाहुण्यासारखी गुपचूप शिरते, ठाण मांडून बसते आणि जाताना कापसाचा दगड करून जाते.

तिने शटर अर्धंच वर केलं. आदल्या दिवशी उसवलेल्या गादीचा कापूस फरशीवर पसरला होता, तो हाताने चाचपला. जड लागत होता. असला कापूस पिंजायच्या यंत्रात घातला तर दात्यांत गुंता होतो, आणि मग सळई घेऊन अर्धा दिवस दात उकरत बसा. तेव्हा आज काठीच.

काठीचं काम छोट्याचं. छोट्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ. नाव छोट्या आणि अंगाने दार भरून टाकणारा, चाळिशीला टेकलेला. डॉक्टर म्हणायचे, याची समज चार-पाच वर्षांच्या पोराइतकी. ती म्हणायची, चार-पाच वर्षांचं कुठलं पोर दिवसाला एक गादी झोडून देतं ते दाखवा. छोट्या मांडी घालून बसायचा, दोन्ही हातांत लवचीक काठी धरायचा, आणि धप, धप, धप. गठळ्या सुटायच्या, धूळ उडायची, केसांवर, भुवयांवर कापूस बसून तासाभरात त्याचा म्हातारा व्हायचा.

"काय रे छोट्या," सलूनवाला दाढीचा ब्रश धूत रस्त्यापलीकडून ओरडला, "तू गाढव आहेस का?"

"हो," छोट्या म्हणाला.

"आणि मी?"

"हो."

"बघा, पोरगं खोटं बोलत नाही," गादीवाली म्हणाली.

हा 'हो' त्यांच्या आईने त्याला दिलेला. लहानपणी छोट्या अडून बसायचा, मागे खेचायचा, आणि गल्लीतली पोरं, शाळेतले मास्तर, कधी कधी खुद्द बाप, जो तो त्याला बडवायचा. आईने एके दिवशी ठरवलं, याला दुसरं काही नाही आलं तरी चालेल, 'हो' आला पाहिजे. कुणी काही विचारलं की हो म्हणायचं आणि हसायचं. हो म्हणणाऱ्यावर कुणी हात उचलत नाही. आणि खरंच, त्यानंतर कुणी उचलला नाही. बाकीचे शब्द आले आणि गेले. 'ताई', 'चहा', 'आई' एवढे उरले, आणि हा 'हो'.

घरच्यांना त्याची खूण माहीत होती. छोट्या हो म्हणाला आणि उठला तर ते खरं हो. हो म्हणाला आणि बसून राहिला तर समजायचं, स्वारीला नकोय. या खुणेवर आईने तीस वर्षं त्याचं न्हाणं, जेवण, औषध सगळं निभावलं. आई गेल्यावर गादीवाली तसंच निभावत होती.

त्या धुक्याच्या सकाळी धप, धप मध्येच थांबलं. तिने वळून पाहिलं तर काठी खाली पडलेली आणि छोट्या पोट धरून कापसात वाकलेला.

"दुखतंय?"

"हो," तो म्हणाला, आणि उठायला गेला. उठता आलं नाही.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं, हर्निया आहे, आतडं अडकलंय, आत्ताच्या आत्ता कापावं लागेल. दुसऱ्या बाजूलाही आहे, पण तो दोन-तीन महिन्यांनी केला तरी चालेल. मग म्हणाले, "सही कोण करणार? याचे पालक कोण?"

"मी," गादीवाली म्हणाली. तिच्या ओढणीला अजून कापूस चिकटलेला होता.

"मी," दारातून दुसरा आवाज आला.

दारात दादा उभा होता. दोघांचा थोरला भाऊ, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवणारा. सलूनवाल्याने त्याला फोन केला होता. एका शिकाऊ पोरीला चौकात उतरवून तो तसाच धावत आला होता.

डॉक्टरांनी दोघांकडे पाहिलं. "आत्ता तातडीचं आहे, दोघंही करा सह्या. पण हा अठराच्या आतला मुलगा नाही. मोठा माणूस आहे. पुढच्या ऑपरेशनला मला कायदेशीर पालक लागेल. एक. दोन नाही चालणार."

आई होती तोवर हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. आईला कोण विचारतं, तू याची कोण म्हणून? आणि आईने जाताना घोळ करून ठेवला होता. शेवटच्या आजारात तिने दादाला एकट्याला जवळ बोलावलं आणि म्हणाली, छोट्याला तुझ्या ओटीत घालते. तेच गादीवालीलाही एकटीला सांगितलं. एकच लेकरू दोन ओटींत घालून म्हातारी निवांत गेली. दोघांना वाटत राहिलं, आईने भरवसा टाकला तो आपल्यावर.

छोट्या हॉस्पिटलातून घरी आला, त्या दिवशी दादा खुर्ची ओढून बसला. वहिनीही आली होती. ती दाराशी उभी राहून पिशवीतली संत्री काढत होती.

"आता त्याला मी नेतो," दादा म्हणाला.

"कुठे?"

"कुठे म्हणजे? घरी."

"हे काय आहे मग? धर्मशाळा?"

"बायो, शब्दात पकडू नकोस." लहानपणापासून तो तिला बायो म्हणायचा. "एवढ्या जाडजूड माणसाला तू काठी देऊन बसवतेस. डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना? जोर पडून झालंय."

"जन्मापासून कच्चं होतं, असंही म्हणाले. ते नाही ऐकलंस?"

"बरं. तुझी पाठ बघ. वाकलीस की सरळ व्हायला भिंत लागते तुला. उद्या तू पडलीस तर?"

"आणि तू पडलास तर?"

"माझ्यामागे ही आहे, मुलगी आहे."

"माझ्यामागे छोट्या आहे."

"अगं तेच तर म्हणतोय मी!"

वहिनीने मध्ये तोंड घातलं. "ताई, मी स्पष्ट सांगते, मला काही हौस नाही. पण यांना रात्रंदिवस हेच. गाडी शिकवताना पण हेच. परवा शिकणारीला ब्रेक दाब म्हणायच्या ऐवजी छोट्याला गोळी दिलीस का म्हणाले."

गादीवालीला हसू आलं असतं, एरवी. आई गेल्यापासून ती हसली नव्हती. "तुमच्याकडे तो दिवसभर करणार काय?" तिने विचारलं.

"केंद्र आहे जवळ," दादा म्हणाला. "सकाळी नेतात, संध्याकाळी सोडतात. मणी ओवायला शिकवतात."

"माझा भाऊ गाद्या करतो. तो मणी ओवणार?"

"तुझा एकटीचा भाऊ आहे का तो?"

ती उठून छोट्याचं पांघरूण सारखं करायला लागली. तिचं आयुष्य या एका माणसाभोवती शिवलेलं होतं. बापाचं दुकान दादाने नको म्हटलं, कारण दुकान घेतलं की छोट्याही घ्यावा लागणार होता. ते तिने घेतलं. लग्न एकदा जुळत आलं होतं. मुलगा भला होता. भाऊ सोबत येणार हे कळल्यावरही तो भलाच राहिला, फक्त लांब राहिला. ती काही रडली नाही. आता मात्र रात्रीच्या भाताला एकच ताट घ्यायचं, ही कल्पनाच तिला सोसत नव्हती. ही गोष्ट ती कुणाला सांगणार? पालक नेमताना कुणी विचारत नाही की तुम्हाला त्याची किती गरज आहे.

दोघांनीही पालक नेमणाऱ्या सरकारी समितीकडे अर्ज केले. ज्याच्या नावावर कागद, छोट्या त्याच्या घरी.

समितीत तिघं होते. मधोमध अध्यक्ष बाई, एका बाजूला सरकारी डॉक्टर, दुसऱ्या बाजूला कुठल्याशा संस्थेचे गृहस्थ. खोलीत पंखा कुरकुरत होता. छोट्याला मधल्या खुर्चीत बसवलं. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तो खूश होता, कारण दादाच्या गाडीतून आला होता.

"ताईकडे राहायला आवडतं?" बाईंनी गोड आवाजात विचारलं.

"हो."

"दादाकडे जाशील राहायला?"

"हो."

डॉक्टर पुढे वाकले. "तू विमान चालवतोस का रे?"

"हो," छोट्या म्हणाला आणि छान हसला.

"तो सगळ्यालाच हो म्हणतो, मॅडम," दादा म्हणाला. त्यात काही लबाडी नव्हती. खरं तेच तो बोलला.

"हो म्हणून उठला तर खरं असतं," गादीवाली घाईने म्हणाली. "बसून राहिला तर नाही."

"आत्ता तर प्रत्येक वेळेला बसूनच आहे," संस्थेचे गृहस्थ म्हणाले. "म्हणजे दोन्हीकडे नको?"

"नवीन जागा आहे ना साहेब, इथे तो कसा उठेल..." ती बोलता बोलता थांबली. तिलाच कळलं, हे घरात पटतं, टेबलासमोर पटत नाही.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "असं करू. तुम्ही दोघंही त्याच्यावर जीव टाकता हे दिसतंय. त्यामुळे त्याचं स्वतःचं मन कळलं तर मला फार बरं होईल. पुन्हा बोलावते. तोवर बघा, त्याला निदान नको ते नको म्हणता येतं का. तेवढ्यानेही पुष्कळ कळतं."

हे वाक्य गादीवाली काखोटीला मारून घरी घेऊन आली.

"सोपं आहे की," सलूनवाला म्हणाला. तो गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा धरून बोलत होता, त्यामुळे गिऱ्हाईक श्वास रोखून ऐकत होतं. "दादाकडे जाणार का विचारलं की नाही म्हणायचं. बस्स. पोपटाला येतं ते छोट्याला येणार नाही?"

"आईने तीस वर्षं हो घोटवलाय."

"मग तू तीस दिवस नाही घोटव."

तिने घोटवला. टाके घालता घालता, कापूस पसरता पसरता. "छोट्या, दादाकडे राहायला जाणार?"

"हो."

"नाही म्हणायचं. ना-ही."

"हो."

ती त्याची हनुवटी धरून मान डावीकडे वळवायची, उजवीकडे वळवायची. त्याला वाटायचं दाढी चाललीय, तो डोळे मिटून घ्यायचा. ती चिडायची, मग स्वतःवरच चिडायची, आणि पुन्हा विचारायची. बिस्किटं संपली, घसा बसला. छोट्या हो म्हणायचा आणि बसून राहायचा. म्हणजे उत्तर बरोबरच होतं, फक्त ते टेबलासमोर चालणारं नव्हतं.

आणि एका दुपारी, तोंडात सुईचा दोरा धरून तिने सवयीने विचारलं, "दादाकडे जाणार?", तर छोट्या म्हणाला, "नाई."

ती हसली. दोरा तोंडातून पडला, आणि ती पोट धरून हसत सुटली. आई गेल्यापासून साठलेलं सगळं एकदम सुटल्यासारखं. छोट्या तिच्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "नाही." ती परत हसली. त्याने दोन्ही हातांनी गादीवर धपाधप मारलं. "नाही! नाही! नाही!"

त्याला कळलं ते असं, की या शब्दाने ताई हसते.

त्याने तो शब्द मग सगळीकडे वापरायला सुरुवात केली. जेवतोस? नाही, आणि तोंड ताटाकडे. अंघोळ? नाही. सलूनवाल्याने विचारलं, गाढव आहेस का? नाही! सलूनवाला म्हणाला, "शिकलं गं पोरगं, आता मी एकटाच उरलो." दर वेळी छोट्या मान वळवून ताईकडे बघायचा. हसली का? पहिले काही दिवस ती खरंच हसायची. नंतर नंतर हसायचा कंटाळा आला, पण तो बघत राहायचा म्हणून हसायची.

मग गोळी आली.

छोट्याला लहानपणापासून झटके येत. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी, ती चुकली नाही तर वर्षं वर्षं काही होत नसे. आईच्या वेळी "गोळी घे" म्हटलं की "हो" आणि तोंड उघडलं, एवढाच कारभार होता. आता "गोळी घे" म्हटलं की "नाही", ओठ घट्ट, आणि डोळे हसऱ्या ताईला शोधणारे.

तिने केळ्यात दडवली. त्याने जिभेने शोधून काढली आणि तळहातावर ठेवून दाखवली, नाही! चहात विरघळवली, त्याने अर्धा चहा टाकला. एकदा ती ओरडली. "घे म्हणते ना मेल्या! हो म्हण! हो!" छोट्याचा चेहरा गोंधळला. ओठ थरथरायला लागले. कुठला शब्द चांगला, कुठला वाईट? तो रडायला लागला, आणि रडत रडतच म्हणाला, "नाही."

ती त्याला पोटाशी धरून बसली. परत हो शिकवावा तर समितीची तारीख तोंडावर आलेली. गोळीपुरता हो आणि दादापुरता नाही, एवढा फरक याच्या डोक्यात कसा घालायचा? तिने मनाशी ठरवलं, तारखेपर्यंत कशीबशी चहातूनच द्यायची. अर्धी जाते ना पोटात, जाते की. मग सगळं सावकाश ठीक करू. माणूस बुडत असला की धरलेली फांदी ओली आहे की वाळकी ते बघत नाही.

वहिनी आली ती छोट्यासाठी स्वेटर घेऊन. स्वतः विणलेला, बाह्या जरा आखूड. गादीवाली टाके घालत होती आणि छोट्या गादीच्या दुसऱ्या टोकाला कापड ताणून धरून बसला होता.

"भावजी, घालून बघता?"

"नाही!" छोट्या म्हणाला आणि ताईकडे वळला. वळताना त्याची मान तशीच वळत गेली. डोळे वर गेले. तो गादीवर आडवा झाला आणि सगळं अंग ताडताड उडायला लागलं. अर्धी घातलेली टाक्याची ओळ तटातट उसवली.

दोघींनी त्याला कुशीवर केलं. सुई, कात्री लांब ढकलली. वहिनीने स्वेटरची घडी करून त्याच्या डोक्याखाली सारली. हळूहळू ते उडणं थांबलं. छोट्या घोरल्यासारखा श्वास घेत पडून राहिला, तोंडाच्या कडेला फेस, पँट ओली.

वहिनी फरशीवर बसली होती. "किती वर्षांनी आला?" ती म्हणाली.

गादीवालीने फडकं ओलं करून आणलं.

"ताई, गोळ्या देताय ना?"

"देते की."

"घेतो का पण?"

गादीवाली छोट्याचं तोंड पुसत राहिली. वहिनीला उत्तर मिळालं.

"मी आपण होऊन यांना सांगणार नाही," वहिनी उठताना म्हणाली. "पण कुणी विचारलं तर मला खोटं बोलता येत नाही. ती माझी खोड आहे. तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. लग्नाच्या दिवशी सासूने विचारलं होतं, स्वयंपाक येतो का, तर नवरीने सगळ्यांसमोर नाही म्हणून सांगितलं होतं.

समितीच्या खोलीत तोच पंखा होता. दादाने सांगायचं ते सांगितलं, वरच्या मजल्यावरची वेगळी खोली, केंद्र, दवाखाना. मग डॉक्टरांनी सहज विचारलं, "मधल्या काळात तब्येत कशी होती? झटका वगैरे?"

"नाही," दादा म्हणाला, आणि त्याचं लक्ष बायकोकडे गेलं. वहिनी पायाच्या अंगठ्याकडे बघत होती.

"तुम्हाला काही सांगायचंय?" बाईंनी विचारलं.

वहिनीने सांगितलं. जेवढं पाहिलं तेवढंच, एक शब्द जास्त नाही.

दादा उठून उभा राहिला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू म्हणाला, "बायो, गोळी?"

मग गादीवालीने सगळं ओकून टाकलं. नाही कसं शिकवलं, का शिकवलं, गोळी कशी नाकारायला लागला. "तुम्हीच म्हणाला होता ना बाई, नको ते नको म्हणता आलं पाहिजे. म्हणून शिकवलं. मुद्दाम नाही चुकवली हो मी गोळी. चहातून देत होते. तारीख झाली की परत हो शिकवणार होते. तुम्ही त्याला विचारा. एकदा विचारा फक्त."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "विचारते," त्या म्हणाल्या. "दादाकडे राहायला जायचं का रे?"

"नाही!" छोट्या खणखणीत म्हणाला, आणि ताईकडे वळला.

गादीवालीच्या तोंडून हसू फुटलं. तिला ते आवरता आलं नाही. एवढ्या दिवसांची मेहनत होती ती.

"बरं. मग ताईकडे राहायचं?"

"नाही!" छोट्या म्हणाला आणि ताईकडे वळला.

पंखा कुरकुरत राहिला.

"ताईकडे राहायचं नाही?"

"नाही!"

तो तिच्याकडे बघत होता. भुवया वर, तोंड अर्धवट उघडं, आता येईल, आता येईल अशी वाट बघत. ती नुसती बसली होती. येत नाही म्हटल्यावर त्याने पुन्हा, जरा हळू, म्हणून पाहिलं, "नाही?" त्याचा खालचा ओठ थरथरायला लागला. आपलं काय चुकलं, हे तो तिच्या चेहऱ्यावर शोधत होता.

तेव्हा गादीवाली हसली. त्या तिघांसमोर, दादासमोर, मोठ्याने हसली. छोट्याने समाधानाने मांडीवर थाप मारली. संस्थेच्या गृहस्थांनी मान खाली घातली.

निकाल त्यांनी तिथेच सांगितला. तूर्त दादा पालक. वर्षाने पुन्हा बघू. बहिणीला भेटायला मोकळीक. छोट्याला आजच न्यावं, गोळ्यांचं आजपासून नीट व्हायला हवं. गादीवाली "बरं" म्हणाली. खुर्चीतून उठताना तिला भिंत लागली.

बाहेर आल्यावर तिने दादाची बाही धरली. "तुला तर माहितीये रे. उठला तर खरं. तूही त्यांना सांगायला हवं होतंस."

"सांगून काय? आज तो कुठे उठला?"

"तू नेऊ नकोस. मी हो शिकवते परत. आठ दिवस दे. दादा, तुझ्या पाया पडते."

दादाचे डोळे लाल झाले होते. "आईने त्याला एक शब्द दिला होता, बायो," तो म्हणाला. "जगायला पुरेल एवढा एकच. तू तो काढून घेतलास."

तिने बाही सोडली.

ड्रायव्हिंग स्कूलची गाडी फाटकाबाहेर उभी होती. दादाने मागचं दार उघडलं. "चल छोट्या."

"नाही," छोट्या म्हणाला, आणि पायरीवर बसला.

वहिनीने समजावलं, दादाने दंडाला धरलं, पण एवढा धिप्पाड देह हलेना. आता तो हसतही नव्हता. ताई मागे उभी आहे आणि गाडीत बसत नाही, हे त्याच्या लक्षात आलं होतं. दादाने हताश होऊन तिच्याकडे पाहिलं. तूच बसव म्हणायची त्याला लाज वाटत असावी.

गादीवाली पुढे झाली. छोट्यासमोरून चालत गेली, गाडीत शिरली, पार पलीकडे सरकली आणि सीटवर हात आपटला. "ये."

"नाही," छोट्या म्हणाला, आणि उठला. उठून आला, वाकून आत शिरला, तिला चिकटून बसला. वहिनी त्याच्या मागोमाग बसली आणि तिने त्याचा हात हातात घेतला. दादाने त्या बाजूचं दार लावलं.

मग गादीवालीने आपल्या बाजूचं दार उघडलं, ती उतरली आणि तिने बाहेरून दार लावलं.

दादाने गाडी लगेच काढली. नेहमीप्रमाणे आधी दिवा दाखवला, आरशात पाहिलं. मागच्या काचेला छोट्याचा तळवा आणि तोंड चिकटलेलं दिसत होतं. काच बंद होती, पण ओठ कळत होते. नाही. नाही. नाही. तो हसत नव्हता. शिकल्यापासून आज पहिल्यांदा तो शब्द त्याने बरोबर वापरला होता. ते कळणारी माणसं तिथे तिघं होती. त्यातली दोघं गाडीत होती आणि तिसरी रस्त्यावर उभी होती.

ती चालत दुकानात आली. सलूनवाला दारात येऊन उभा राहिला. "काय झालं?" त्याने विचारलं. मग तिच्या मागे कुणी येत नाही हे पाहून म्हणाला, "चहा सांगू?"

तिने मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली ते त्यालाही कळलं नाही, आणि तो चहा सांगायला गेला.

दुकानाच्या पायरीवर एक बाई दोन चपट्या उशा काखेत धरून ताटकळत होत्या. "बराच वेळ थांबलेय हो," त्या म्हणाल्या. "म्हटलं बंद करून गेलात की काय. आज मिळतील?"

"बसा," गादीवाली म्हणाली. तिने एका उशीची शिवण उसवली, आतला काळपट कापूस बाहेर ओढला, वास घेतला. "हा नाही चालायचा आता. नवा घालावा लागेल. मऊ हवी की कडक?"

"यांना कडक लागते, मला मऊ."

"मग खूण करून ठेवते, नाहीतर भांडाल."

बाई हसल्या. गादीवालीने खोळ झटकली, उलटी करून शिवण तपासली, पोत्यातून नवा कापूस मूठ मूठ काढून बोटांनी मोकळा केला आणि आधी कोपरे भरायला घेतले.